तारापोर : गाव सोडल्यावर मिळालेले आडनाव

पालघर जिल्ह्यातील तारापूर हे समुद्रकाठचे गाव आज देशभर दोन गोष्टींमुळे ओळखले जाते, एक अणुविद्युत केंद्र आणि दुसरी औद्योगिक वसाहत. या दोन्ही ओळखी गेल्या साठेक वर्षांतल्या आहेत, आणि दोन्ही मूळ गावठाणापासून काहीशा दूर उभ्या आहेत. केंद्र दक्षिणेला अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या परिसरात, तर कारखाने बोईसर रेल्वेस्थानकाच्या आसपास. त्याच्या बरेच आधीपासून हे ग्रामनाम आडनावाच्या रूपाने मुंबई, पुणे, हैदराबाद, मद्रास अशा शहरांत वावरत होते. तारापोर, तारापोरवाला, तारापूरवाला अशा निरनिराळ्या रूपांत आढळणारे हे आडनाव मुख्यतः पारशी समाजातले आहे. त्याचा उगम आणि प्रसार पाहिला, तर उत्तर कोकणच्या या किनाऱ्याचा दोन-तीनशे वर्षांचा आर्थिक आणि राजकीय इतिहास त्यात उमटलेला दिसतो.

तारापूर आणि चिंचणी ही जोडगावे एका खाडीच्या दोन तीरांवर वसली आहेत. उत्तरेला चिंचणी, दक्षिणेला तारापूर. होड्या आत घेण्यास सोयीची खाडी, मागे भात पिकवणारी सखल जमीन आणि त्यामागे सागवानाचे जंगल, अशा जागी बंदर वाढणे स्वाभाविक होते. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या आधीनचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला, तेव्हापासून सुमारे दोनशे वर्षे तारापूर पोर्तुगीज अमलाखाली राहिले आणि तेथे किल्ला उभा राहिला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी हा किल्ला हल्ला करून घेतला. थोरल्या बाजीरावांचा जिवलग सरदार बाजी भीवराव रेठरेकर याच लढाईत कामास आला. पुढे जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. एका लहानशा बंदराने तीन सत्ता पाहिल्या. प्रत्येक सत्तेने आपापली जकात बसवली आणि प्रत्येकीला ती जकात वसूल करून देणारे मक्तेदार लागले. आडनावाच्या इतिहासात या मक्तेदारीचे महत्त्व मोठे आहे.

पारशांचा या किनाऱ्याशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. इराणातून आलेल्या जरथुश्त्री निर्वासितांनी संजाण येथे वस्ती केली, अशी परंपरा बहमन कैकोबाद याने १५९९ मध्ये रचलेल्या 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात नोंदली आहे. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी, म्हणजे इराणशाह, बारा वर्षे बहरोटच्या डोंगरातील गुहांत लपवून ठेवला होता, असे हेच काव्य सांगते. हा डोंगर आजच्या पालघर जिल्ह्यातच, बोर्डीजवळ आहे. काव्यातील कालगणनेवर अभ्यासकांत मतभेद असले, तरी पारशांच्या वावराचा शिलालेखी पुरावा मात्र पक्का आहे. मुंबईजवळील कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ मधील पहलवी लिपीतले लेख आहेत, आणि त्यांत लेणी पाहायला आलेल्या जरथुश्त्री मंडळींची नावे कोरलेली आहेत. ती नावे अमक्याचा मुलगा अमका अशी आहेत. त्यांत गावाचे नाव नाही, धंद्याचे नाही, कुळाचेही नाही. अकराव्या शतकातील पारशी माणसाची ओळख स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर पुरी होत होती.

धर्मविधींत हीच रीत आजही टिकून आहे. पारशी प्रार्थनेत मृताचा किंवा यजमानाचा उल्लेख करताना दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूस 'एरवद' आणि सामान्य जरथुश्त्रीस 'बेहदिन', म्हणजे सद्धर्मी, असे बिरुद लावून व्यक्तीचे आणि तिच्या पित्याचे नाव उच्चारतात. आडनाव उच्चारले जात नाही. मुंबईत ज्याला सारे तारापोरवाला म्हणून ओळखतात, त्याच्या नावाने अगियारीत, म्हणजे अग्निमंदिरात, विधी होतो तेव्हा तारापूरचा उल्लेख कुठेही येत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पारशी आडनावाचे मूळ धर्मात नाही आणि वंशव्यवस्थेतही नाही. ते बाजारपेठ, कचेरी आणि शाळा यांच्या गरजेतून जन्मले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकात सुरत, भरुच, नवसारी, डहाणू, तारापूर अशा गावांतून पारशी कुटुंबे मोठ्या संख्येने मुंबईत आली. अर्देशर, सोराबजी, जमशेटजी, दादाभाई अशी मोजकी नावे शेकडो घरांत असल्यामुळे एकाच गल्लीत, एकाच पेढीत, एकाच वर्गात सारख्या नावाची चार-चार माणसे निघू लागली. मग कोणी धंद्यावरून ओळखला जाऊ लागला, उदाहरणार्थ बाटलीवाला, दारूवाला, कंत्राटदार किंवा जहाजे बांधणारा वाडिया. कोणी गावावरून, जसे भरुचा, सुरती, बिलिमोरिया, खंबाता, उदवाडिया. जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्यात तर १८५७ मध्ये मिळालेल्या बॅरोनेट या वंशपरंपरागत किताबानंतर प्रत्येक वारसाने मूळ पुरुषाचेच नाव धारण करावे अशी कायदेशीर तरतूद झाली आणि एका माणसाचे नाव हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे आडनाव बनले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८६५ मध्ये पारशांचे विवाह आणि वारसा यांविषयी स्वतंत्र कायदे झाले, आणि परीक्षेच्या यादीपासून मृत्युपत्रापर्यंत सर्वत्र एक कायम नाव लिहिणे भाग पडले. तोपर्यंत जे पुकारण्याचे नाव होते, ते कागदावर चढून स्थिर झाले.

या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, गावाचे आडनाव त्या गावात तयार होत नाही. तारापुरात राहणाऱ्या माणसाला तारापूरवाला म्हणण्यात काहीच अर्थ नाही, कारण तेथे सगळेच तारापूरचे. तो मुंबईच्या कोटात, हैदराबादच्या रेसिडेन्सी बाजारात किंवा पुण्याच्या छावणीत गेला, की मगच हे नाव त्याला चिकटते, आणि ते बहुधा तो स्वतः घेत नाही, शेजारी आणि गिऱ्हाईक ते देतात. त्यामुळे असे आडनाव ज्या घराण्याला आहे, त्या घराण्याने ते गाव कधीतरी सोडले, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. त्या गावात घराण्याची जमीन, वाडा किंवा अधिकार होता, असे म्हणता येत नाही. आडनावांवरून घराण्यांचे पूर्ववैभव रचणाऱ्यांनी हा भेद नेहमी ध्यानात ठेवला पाहिजे.

मराठी आडनावांतील 'कर' हा प्रत्यय नेमक्या याच रीतीने वाढला. पेशवाईत कोकणातून देशावर गेलेल्या कुटुंबांना त्यांच्या मूळ गावांची नावे मिळाली, आणि डहाणूकर हे उद्योगक्षेत्रात नावाजलेले आडनाव याच किनाऱ्यावरच्या गावावरून आले. उलट, पालघर-बोईसरच्या पट्टीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांची आडनावे पाहिली, तर त्यांत गावांची नावे क्वचित आढळतात. वाडवळ समाजातील राऊत, वर्तक, पाटील, चौधरी किंवा मांगेल्यांमधील तांडेल आणि मेहेर यांसारखी आडनावे हुद्दा, मान किंवा काम सांगतात. तांडेल म्हणजे गलबतावरचा किंवा होडीवरचा प्रमुख. जो जागेवर राहिला त्याला त्याच्या कामाने ओळखले गेले आणि जो निघून गेला त्याला त्याच्या गावाने, असा एक ढोबळ नियम या किनाऱ्यापुरता मांडता येतो.

या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण तारापूरच्याच सर्वांत मोठ्या पारशी घराण्यात सापडते. विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे बंधू. उत्तर कोकणातील जकातीचा मक्ता, म्हणजे ठरावीक रक्कम सरकारात भरून वसुलीचा हक्क स्वतःकडे घेणे, या व्यवसायातून त्यांचा उदय झाला. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरनुसार पेशव्यांनी तारापूरचा किल्ला विकाजींना शंभर वर्षांच्या बोलीने इनाम दिला होता, आणि गावातील अगियारीही त्यांनीच १८२० च्या सुमारास बांधली. मक्तेदारीतून आलेले भांडवल त्यांनी पुढे निजामाच्या राज्यात नेले. वऱ्हाडातला कापूस थेट मुंबईला पाठवण्याचे श्रेय याच पेढीला दिले जाते. १८२५-२६ मध्ये पाठवलेला पहिला माल पाचशे बैलांच्या पाठीवर गेला आणि त्याची किंमत पंचवीस हजार रुपये होती, अशी वऱ्हाडच्या गॅझेटिअरात नोंद आहे. रेल्वेच्या आधीच्या काळात घाट ओलांडून वऱ्हाड आणि मुंबई यांच्यातला हा व्यापारमार्ग जोडणे हे केवढे धाडस होते, याची कल्पना आज सहजासहजी येत नाही.

हैदराबादेत या पेढीचा पसारा त्याहून वाढला. चंदुलाल हा निजामाचा कारभारी असताना ही पेढी सरकारला कर्जे देत असे. त्या कर्जांच्या तारणापोटी वऱ्हाडातील महसुली प्रदेश तिच्या ताब्यात आले, आणि औरंगाबादच्या टाकसाळीतून तिने पाडलेले रुपये पेस्तनशाही म्हणून चालले. एका पारशी सावकाराच्या नावाचे नाणे मराठवाड्याच्या बाजारात फिरत होते, ही गोष्ट महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात यायला हवी तितकी आलेली नाही. १८४३ मध्ये चंदुलालचा कारभार संपला, तारण प्रदेश परत घेतले गेले आणि पेढी कोसळली. तिची दाद पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत नेली गेली, पण गेलेले वैभव परत आले नाही. तरीही १८३० च्या सुमारास, पुढे उदवाड्यात स्थिरावलेल्या इराणशाहसाठी बांधून दिलेली इमारत आणि १८४७ मध्ये सिकंदराबादेत उभारलेली अगियारी यांमुळे या बंधूंचे नाव धर्मकार्यात कायम राहिले. उदवाड्याची ती वास्तू पुढे मोतलीबाई वाडिया यांनी १८९४ मध्ये नव्याने बांधली.

आता या घराण्याचे आडनाव काय झाले हे पाहण्याजोगे आहे. ज्यांच्याकडे तारापूरचा किल्ला इनाम होता, त्यांच्या वंशजांनी तारापोर हे आडनाव घेतले नाही. ते विकाजी म्हणून ओळखले गेले. मूळ पुरुष इतका मोठा होता की गावाच्या नावाची गरजच उरली नाही. मात्र एवढ्या मोठ्या पेढीला कारकून, मुनीम, जकातनाक्यांवरचे अंमलदार, अडत्ये, धर्मगुरू आणि त्यांच्यासोबत येणारे नातलग लागतात, आणि विश्वासाची माणसे आपल्या गावातून नेण्याची त्या काळची रीत होती. हैदराबाद आणि दख्खन येथे तारापोर आडनावाची कुटुंबे का दिसतात, याचे सर्वांत सयुक्तिक उत्तर या पेढीच्या विस्तारात शोधावे लागते. धन्याचे नाव आडनाव झाले ते धन्याच्या घरात, आणि गावाचे नाव आडनाव झाले ते त्याच्या मागोमाग गेलेल्यांच्या घरांत, असे अनुमान यातून निघते.

या आडनावाविषयी एक वेगळी परंपराही प्रचलित आहे. परमवीरचक्र विजेते लेफ्टनंट कर्नल अर्देशर बुर्झोरजी तारापोर यांच्या चरित्रांत असे सांगितले जाते की, त्यांचे पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात अधिकारी होते, त्यांच्या पराक्रमाबद्दल त्यांना शंभर गावे इनाम मिळाली, त्यांत तारापूर हे मुख्य होते आणि त्यावरून घराण्याला नाव मिळाले. घराण्याने जपलेल्या आठवणीचा मान राखूनही इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार केला पाहिजे. शिवकाळात तारापूर पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि मराठ्यांनी ते १७३९ मध्ये घेतले. तेव्हा सतराव्या शतकात ते गाव इनाम देणे स्वराज्याला शक्य नव्हते. या परंपरेत मराठेशाहीतील एखाद्या नंतरच्या सेवेची किंवा इनामाची आठवण असू शकेल, आणि ती सांगताना सर्वांत वंदनीय नावाशी जोडली गेली असेल. पेशव्यांनी तारापूरच्याच एका पारशाला किल्ला इनाम दिल्याची नोंद असल्यामुळे अशा आठवणीला आधार मिळणे कठीण नव्हते. लोकपरंपरा जसजशी पिढ्या ओलांडते, तसतशी ती तपशील गाळते आणि मोठी नावे ठेवते. म्हणून ती टाकून देण्यापेक्षा तिच्यात कोणत्या काळाची छाया पडली आहे हे शोधणे अधिक फलदायी ठरते.

आडनावाची रूपे हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. गावाचे नाव तारापूर असताना आडनाव तारापोर का झाले, याचे उत्तर इंग्रजी लेखनपद्धतीत आहे. नागपूर, सोलापूर, कानपूर अशा नावांतील 'पूर' हा अंत्यभाग कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या कागदांत 'पोर' असा लिहिला जाई. गावांची स्पेलिंगे कालांतराने सुधारली, पण आडनावे दस्तऐवजात अडकलेली असल्यामुळे ती जुन्याच वळणाने लिहिली जात राहिली, आणि पुढच्या पिढ्या लेखनावरून उच्चार करू लागल्या. 'वाला' हा प्रत्यय पारशांच्या गुजराती बोलीतून आला. तो जोडला की तारापोरवाला होते, आणि रोमन लिपीत त्याचे 'डब्ल्यू' व 'व्ही', एक 'एल' व दोन 'एल', मध्ये 'ई' असलेले व नसलेले असे अनेक अवतार तयार झाले. एका शाळेच्या मुख्याध्यापकाने किंवा एका नोंदणी कारकुनाने केलेली निवड पुढे घराण्याची खूण बनली आणि एकाच गावातून आलेली घराणी वेगवेगळी भासू लागली.

वसाहतीच्या कागदपत्रांनी एका नावाची अनेक नावे करण्याचा हा प्रकार जगात अन्यत्रही झाला, आणि त्याचे ठळक उदाहरण पश्चिम आफ्रिकेत आढळते. तेथील फुलानी या मूळच्या पशुपालक लोकांत दियालो, बाह, सो आणि बारी ही चार मोठी कुलनामे आहेत. त्यांपैकी पहिले फ्रेंच अमलाखालील गिनी, सेनेगल आणि माली येथे 'डी' या अक्षराने सुरू होणाऱ्या फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये नोंदले गेले, इंग्रजांच्या गॅम्बियात आणि सिएरा लिओनमध्ये ते 'जे'ने सुरू होऊन जालो व जालोह झाले, आणि पोर्तुगीजांच्या गिनी-बिसाऊमध्ये त्याने पोर्तुगीज चिन्हे धारण केली. कुल एक, कचेऱ्या तीन. मात्र दोन्ही प्रकारांत मूलभूत फरक आहे. फुलानींच्या शेजारच्या, मांदे भाषा बोलणाऱ्या नाईजर खोऱ्याकडील समाजांत कुलनामाला जामू म्हणतात आणि ते वंश व परंपरागत कर्तव्य सांगते. कुयाते हे नाव ऐकले, की ते वंशावळी आणि पराक्रमगाथा मुखोद्गत ठेवणाऱ्या गायकांचे कुल आहे हे ऐकणाऱ्याला कळते. हजार मैल दूर गेलेला माणूसही त्या नावाने जुन्या नात्यांत बांधलेला राहतो. तारापोर या नावात असे कोणतेही कर्तव्य नाही. दोन तारापोर घराण्यांत रक्ताचे नाते असेलच असे नाही, दोघांचे पूर्वज एका खाडीकाठी राहत होते एवढेच त्यातून कळते.

याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वसईत, नावांचा प्रवास उलट दिशेने झाला. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिक कुटुंबांना डिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज अशी आडनावे मिळाली आणि ती मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची व कोळ्यांची आडनावे होऊन रुजली. डिसोझा हेच नाव पश्चिम आफ्रिकेतील आजच्या बेनिन देशात ब्राझीलहून आलेला गुलामांचा व्यापारी फ्रान्सिस्को फेलिक्स डिसोझा याच्यामुळे पसरले. तो १८४९ मध्ये वारला आणि त्याचे वंशज तेथील एक प्रतिष्ठित घराणे ठरले. वसईत जे नाव धर्मांतराने आले, ते तेथे व्यापार आणि वंशविस्तार यांनी वाढले. एकच आडनाव दोन किनाऱ्यांवर दोन इतिहास सांगते, म्हणून आडनावाच्या सारखेपणावरून नात्याचा निष्कर्ष काढू नये.

विसाव्या शतकापर्यंत तारापोर आणि तारापोरवाला ही नावे शहरी भारताच्या निरनिराळ्या क्षेत्रांत स्थिरावली होती. मुंबईच्या हॉर्नबी रोडवरील, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील, डी. बी. तारापोरवाला सन्स हे ग्रंथविक्रीचे आणि प्रकाशनाचे दुकान कित्येक पिढ्यांच्या वाचकांना परिचित होते. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. त्यासाठी तारापोरवाला कुटुंबाने दोन लाख रुपयांची देणगी दिली होती आणि मुंबईतील मराठी शाळांच्या सहलींमुळे हे आडनाव महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या कानावर प्रथम तेथेच पडले. भाषाशास्त्रज्ञ इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला (१८८४-१९५६) यांनी कलकत्ता विद्यापीठात तौलनिक भाषाशास्त्र शिकवले, झरथुश्त्राच्या गाथांचे भाषांतर केले, आणि १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा ते तिचे पहिले संचालक झाले. शब्दांच्या व्युत्पत्तींवर आयुष्य वेचलेल्या या विद्वानाचे स्वतःचे आडनाव पालघरच्या खाडीकाठचे होते, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे.

क्रिकेटमध्ये केकी तारापोर हे १९४८ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध एकच कसोटी खेळले, पण पुढे बंगळूरमध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे खेळाडू घडवले त्यांत राहुल द्रविडही होता. रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर एस. एस. तारापोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९७ मध्ये, आणि दुसऱ्या समितीने २००६ मध्ये, भांडवली खात्यावर रुपयाची परिवर्तनीयता, म्हणजे गुंतवणुकीसाठी रुपयाचे परकीय चलनात मुक्तपणे रूपांतर करण्याची मुभा, कोणत्या अटींवर द्यावी याचा अहवाल दिला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तारापोर समिती हा शब्दप्रयोग त्यामुळे रूढ झाला. पटकथाकार आणि छायाचित्रकार सुनी तारापोरवाला यांनी 'सलाम बॉम्बे' हा चित्रपट लिहिला आणि पारशी समाजाच्या जीवनाचे छायाचित्रण करून एका घटत्या समाजाचा दृश्य इतिहास जपला. चेन्नईच्या माउंट रोडवर तारापोर टॉवर्स ही इमारत आहे, जमशेदपूरच्या अ‍ॅग्रिको भागात या नावाची शाळा आहे. बंदरे, रेल्वे, कारखाने, बँका, पलटणी अशा ज्या ज्या ठिकाणी पारशी समाज गेला, तेथे हे नाव पोहोचले.

पलटणीचा उल्लेख विशेष विस्ताराने करायला हवा. अर्देशर तारापोर यांचा जन्म १९२३ मध्ये मुंबईत झाला; घराणे हैदराबादला स्थायिक झालेले होते आणि त्यांची लष्करी सेवा निजामाच्या संस्थानी फौजेत सुरू झाली. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत आले. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर फिल्लोरा आणि चविंडा यांच्या परिसरात त्यांनी पलटणीचे नेतृत्व केले, जखमी असूनही मागे जाण्यास नकार दिला, आणि १६ सप्टेंबरला बुतूर-डोगरांडी येथे त्यांना वीरमरण आले. मानपत्रानुसार या लढायांत त्यांच्या पलटणीने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे नऊ गमावले. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, तेव्हा त्यांतले एक तारापोर यांच्या नावाचे झाले. गावाचे नाव माणसाला मिळाले होते. अनेक पिढ्यांच्या प्रवासानंतर ते माणसाकडून पुन्हा भूमीला मिळाले, तेही बंगालच्या उपसागरात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तारापूर नावाची गावे भारतात अनेक आहेत. गुजरातमध्ये खंभातच्या बाजूला एक तारापूर आहे आणि बिहारमध्ये मुंगेर जिल्ह्यात दुसरे. त्यामुळे पारशी नसलेल्या एखाद्या गुजराती तारापूरवाला कुटुंबाचे मूळ पालघरच्या किनाऱ्यावर असेलच असे नाही, आणि प्रत्येक घराण्याचा निर्णय त्याच्या कागदपत्रांवरून स्वतंत्रपणे करावा लागतो. पारशी घराण्यांच्या बाबतीत मात्र उत्तर कोकणचे तारापूर हेच मूळ मानण्यास जुनी पारशी वस्ती, तेथील अगियारी आणि विकाजींच्या पेढीचा इतिहास असे तिहेरी कारण आहे.

या नावाच्या प्रसाराचा वेग आता मंदावला आहे. १९४१ च्या जनगणनेत भारतातील पारशांची संख्या १,१४,८९० होती. २०११ मध्ये ती ५७,२६४ वर आली. आडनाव बापाकडून मुलाकडे जात असल्याने लहान होत चाललेल्या समाजात एकेक आडनाव एका पिढीत नाहीसे होऊ शकते, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ जण इंग्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे आहेत. म्हणून अगियारीच्या वह्या, इनामांची कागदपत्रे, जुने सात-बारा आणि मुंबईतील शाळांची पटपत्रके यांची सांगड घालून तारापूरच्या पारशी कुटुंबांचा क्रमवार इतिहास लिहिण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

गावाच्या नावाने आडनाव घडण्याची ती जुनी रीत मात्र या किनाऱ्यावर आता पूर्णपणे थांबली आहे. १९६९ मध्ये तारापूर अणुकेंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवण्यात आली आणि तेथील मच्छीमार व शेतकरी कुटुंबे समुद्रापासून आत, बोईसरच्या बाजूला वसवली गेली. दोनशे वर्षांपूर्वी असे स्थलांतर झाले असते, तर नव्या जागी या माणसांना अक्करपट्टीकर किंवा पोफरणकर म्हणून पुकारले गेले असते आणि दोन पिढ्यांत ते आडनाव ठरले असते. पण आता प्रत्येकाचे आडनाव शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर आणि आधार ओळखपत्रावर आधीच कायम झालेले आहे. त्यामुळे उठवलेल्या गावांची नावे या माणसांच्या नावांत शिरली नाहीत. ती पुनर्वसन वसाहतींना मिळाली.